अंगठा तिचा, ओटीपी मुलाच्या फोनवर

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. दरमहाचे दीड हजार रुपये चालू ठेवायचे तर काय करायचं होतं? संकेतस्थळ उघडायचं, आपला आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी भरायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा, त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी भरायचा, दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि सबमिट दाबायचं. ज्याचा निम्मा दिवस फोनवरच जातो त्याला हे पाच-सात मिनिटांचं काम.

सोलापूरच्या पूर्व भागात, पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या विडी कामगार बाईच्या घरात हेच काम कसं होतं ते बघा. आधार काढताना दिलेला नंबर धाकट्या दिराचा होता आणि ते सिम केव्हाच बंद पडलंय. घरात टच फोन आहे, पण तो मुलाचा, आणि मुलगा सकाळपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. नवरा हयात नाही. वडील तर आधार कार्ड निघायच्या आधीच गेले. मुलगा रात्री आल्यावर साइट उघडून बघतो, ती फिरत राहते. सकाळी पान-तंबाखू बाजूला ठेवून बाई झेरॉक्सच्या दुकानासमोर रांगेत उभी राहते. नंबर आल्यावर कळतं की आधी आधार केंद्रावर जाऊन मोबाइल जोडून आणावा लागेल. तिथली रांग वेगळी, तिथला दिवस वेगळा. अशा अडचणी इतक्या निघाल्या की पुढे मुदत वाढवावी लागली, आणि ज्यांचे पती-वडील दोघंही हयात नाहीत त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली.

या घरात फोन आहे. रेंज फुल आहे. रिचार्ज मारलेला आहे. सरकारी पाहणीत हे घर 'इंटरनेट असलेलं घर' म्हणूनच मोजलं जाईल. तरीही त्या बाईचं एकही ऑनलाइन काम तिच्या स्वतःच्या हाताने होत नाही. डिजिटल दरी आज सोलापुरात नेमकी कुठे आहे, ते या घरात दिसतं.

दरी मोजायची कशी

हा शब्द १९९० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. तेव्हाचा प्रश्न सरळ होता. कोणाच्या घरी कॉम्प्युटर आणि इंटरनेट आहे, कोणाच्या घरी नाही? पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की साधन पोचलं तरी माणसांमाणसांतला फरक उरतोच. म्हणून आता या दरीच्या तीन पातळ्या मानतात.

पहिली पातळी साधनाची : फोन, कॉम्प्युटर, रेंज, रिचार्जचे पैसे, चार्जिंगला वीज. दुसरी पातळी वापरता येण्याची : वाचता येणं, फॉर्म भरता येणं, पासवर्ड सांभाळता येणं, खोटी लिंक ओळखता येणं. तिसरी पातळी सगळ्यात कमी बोलली जाते, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. साधन आहे, वापरताही येतं, पण त्यातून पदरात काय पडतं? एकाच गल्लीतल्या, एकाच वर्गातल्या दोन मुलांकडे सारखेच फोन असतात. एक जण त्यावर सीईटीचे जुने पेपर सोडवतो, कारण त्याच्या घरात इंजिनिअर झालेला मामा आहे आणि कुठली साइट बघायची ते तो सांगतो. दुसरा रील बघतो, कारण त्याला कोणी काहीच सांगितलेलं नाही. फोन दोघांनाही सारखाच मिळाला, पण पाच वर्षांनी त्यांच्या पगारात फरक पडलेला असतो.

पहिल्या पातळीवर आपल्याकडे खरोखर मोठा बदल झाला आहे, हे मान्य केलंच पाहिजे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार देशात इंटरनेटची सोय असलेली घरं होती साधारण २४ टक्के. शहरात ४२, खेड्यात १५. कॉम्प्युटर तर ११ टक्क्यांहूनही कमी घरांत होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटाचे भाव कोसळले आणि स्मार्टफोन पानटपरीपर्यंत पोचला. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०१८ साली शाळेतल्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये तो आकडा जवळपास ६२ टक्क्यांवर गेला. २०२४ मध्ये १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या घरी तो होता. इतक्या कमी वर्षांत इतकं पसरलेलं दुसरं साधन आठवत नाही.

जगाचं चित्र अजून अर्धवट आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये साधारण २६० कोटी माणसं, म्हणजे दर तिघांतला एक जण, इंटरनेटपासून दूरच होता.

पण 'घरी फोन आहे' या वाक्यातला 'घरी' हा शब्द फसवा आहे. फोन घराचा नसतो, तो घरातल्या कोणाचा तरी असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळं विचारलं, तुम्ही कधी इंटरनेट वापरलंय का? देशात हो म्हणणाऱ्या बायका निघाल्या ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. महाराष्ट्र प्रगत राज्य, तरी इथे बायका ३८ आणि पुरुष ६१ टक्क्यांच्या आसपास. देशातल्या ग्रामीण बायकांचा आकडा तर २५ च्याही खाली. नव्या पिढीत हे मिटेल असं म्हणावं, तर 'असर'ची २०२४ ची पाहणी सांगते की १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन ३६ टक्के मुलांकडे आहे आणि मुलींपैकी फक्त २७ टक्क्यांकडे. बहीण-भाऊ एकाच घरात वाढतात. फोन आधी भावाला मिळतो.

झिजलेलं बोट

सोलापुरात विडीचं काम करणाऱ्या हजारो बायका आहेत. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायचं, घरी पान भिजवायचं, मापाने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, सुताने बांधायचं आणि दुसऱ्या दिवशी मोजून द्यायचं. मजुरी दर हजार विड्यांमागे. वर्षानुवर्षं हे केल्यावर अंगठ्याची आणि तर्जनीची पेरं घासून गुळगुळीत होतात. चाळिशीतल्या बाईचा हात हातात घेऊन बघा, बोटावरच्या रेषा शोधाव्या लागतात. यंत्रमागावर सूत सांधणाऱ्यांचं, धुणीभांडी करणाऱ्यांचं, ऊस तोडणाऱ्यांचं असंच.

आणि आपण तर सगळी ओळख बोटाच्या ठशावर नेऊन ठेवली. रेशनच्या दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा, बँक मित्राकडे पैसे काढायला अंगठा, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला अंगठा. मशीन म्हणतं, ठसा जुळत नाही. मग तेल पुसा, हात धुऊन या, दुसरं बोट लावा, उद्या या. घरात चार माणसं असतील तर रेशनला दुसरं कोणी अंगठा देतं आणि धान्य मिळतं. अडते ती एकटी राहणारी म्हातारी. जिला त्या धान्याची सर्वांत जास्त गरज, तिच्याच वाट्याला ही अडवणूक येते. यात कोणी मुद्दाम काही केलेलं नसेल. यंत्र बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मऊ बोटांची माणसं होती, एवढंच घडलं. पण त्याची किंमत आयुष्यभर हाताने काम केलेल्या माणसाला मोजावी लागते.

याला उपाय आहेत. डोळ्याच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. हयातीचा दाखला चेहरा दाखवून फोनवर काढायची सोय २०२१ पासून आहे. रेशनच्या ई-केवायसीलाही चेहऱ्याचं अॅप आलं. पण त्यासाठी बरा कॅमेरा असलेला फोन हवा, दोन अॅप उतरवता यायला हवीत आणि 'आता डोळे मिटा-उघडा' ही सूचना वाचता यायला हवी. म्हणजे फिरून पुन्हा मुलगा, नातू किंवा दुकानदार.

भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनचं बघा. २०१४ पासून तिची किमान रक्कम महिना हजार रुपये ठरलेली आहे. विडी कामगार बाईला हे पैसे मिळायचे तर तिचं नाव सगळीकडे एकसारखं हवं. कारखान्याच्या जुन्या रजिस्टरात नुसतं 'लक्ष्मीबाई' लिहिलेलं, आधारवर 'लक्ष्मी' आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव, बँकेत तिसरंच स्पेलिंग. पूर्वी हे कारकुनाला समोर बसून समजावता यायचं. 'अहो साहेब, हीच ती बाई, वीस वर्षं आमच्याकडे आहे' असं मुकादमाने सांगितलं की कागद पुढे सरकायचा. कॉम्प्युटर मुकादमाला ओळखत नाही. एक अक्षर चुकलं की अर्ज परत.

त्यात भाषेची भर. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, विजापूर वेशीच्या आसपास उर्दू. मराठी सगळ्यांना कळतं, पण ते बाजारातलं, शेजारणीशी बोलायचं मराठी. पडद्यावर येणारं मराठी शासकीय परिपत्रकातलं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी काही चुकलं की येणारा निरोप तर थेट इंग्रजीतच असतो. शिकलेला माणूसही तो वाचून गोंधळतो.

गरिबाला तीच सेवा महाग

आता जरा पैशांचा हिशेब मांडू, कारण डिजिटल दरीचा आर्थिक परिणाम म्हटला की लोकांना मोठ्या कंपन्या आणि स्टार्टअप आठवतात. खरा परिणाम चिल्लरमध्ये मोजावा लागतो.

नोकरदार माणूस जेवणाच्या सुट्टीत आपला अर्ज स्वतः भरतो. त्याचा खर्च शून्य. विडी कामगार बाईचा एक दिवस बुडला तर त्या दिवसाच्या विड्या गेल्या. शहराबाहेर कुंभारीला गोदूताई विडी घरकुल किंवा रे नगर या कामगार वसाहतींत राहत असेल आणि काम शहरात असेल तर जाण्या-येण्याचं भाडं. दुकानदाराचं शुल्क. झेरॉक्स, फोटो, प्रिंट. 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' म्हटलं की यातलं बरंचसं दुप्पट. ज्या योजनेत अर्ज फुकट आहे असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, त्या अर्जासाठी हातावर पोट असलेल्या माणसाचे दोन दिवसांचे पैसे जातात. ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच जास्त मोजावं लागतं.

याहून मोठी किंमत खासगीपणाची. दुकानात भिंतीला टेकून उभी असलेली बाई आधार क्रमांक मोठ्याने सांगते, खातं कुठल्या बँकेत ते सांगते, आलेला ओटीपीही मोठ्याने वाचून दाखवते. एटीएमचा पिन पुतण्याला माहीत, पासबुक शेजारणीच्या मुलाकडे. बहुतेक दुकानदार प्रामाणिक असतात. उन्हातान्हात लोकांची कामं करून देतात आणि त्यांच्याशिवाय या शहराचं पान हलणार नाही. पण ज्याला आयुष्यभर 'ओटीपी कोणालाही सांगायचा असतो' अशी सवय लागली, तो फोनवरच्या ठगालाही तो सांगणारच. फसवणूक झाल्यावर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा असतो, पहिल्या तासा-दोन तासांत केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. हे ज्यांना कळायला हवं त्यांना ते चार दिवसांनी कळतं, मुलगा पासबुक भरून आणतो तेव्हा.

आणखी एक परिणाम आकड्यांत कधीच येत नाही. ज्या बाईने एकटीने घर चालवलं, मुलं शिकवली, युनियनच्या मोर्चात पुढे राहिली, तिला आपल्याच पैशांसाठी पंधरा वर्षांच्या पोराची मनधरणी करावी लागते. 'आज नको आई, उद्या बघू.' घरातला मान सरकतो. पैसे तिच्या नावावर आले तरी चावी दुसऱ्याच्या हातात राहते, आणि बायकांच्या खात्यात थेट पैसे देण्यामागचा जो मूळ विचार होता, तोच पातळ होतो.

एकाच जिल्ह्यात दोन टोकं

शिक्षणाच्या बाबतीत सोलापूर जिल्ह्याने दोन गोष्टी जगाला दाखवल्या आणि दोन्ही एकाच वर्षी गाजल्या. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापायचा, तो फोनने स्कॅन केला की कविता ऐकू येते, प्रयोग दिसतो, ही त्यांनी गावातल्या शाळेत रुजवलेली कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांत आली. एनसीईआरटीनेही २०१८ मध्ये क्यूआर कोडचा मार्ग धरला. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली, हेही इथे सांगितलं पाहिजे.

त्याच २०२० मध्ये, टाळेबंदीत शाळा बंद असताना, शहरातल्या नीलमनगरमध्ये आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. तीनशेच्या आसपास भिंती. मुळाक्षरं, पाढे, व्याकरण, सूत्रं. मुलं कापड धंद्यातल्या कामगारांची. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा व्हॉट्सअॅपवर फिरत होती आणि या घरांत व्हॉट्सअॅप चालेल असा फोन नव्हता, किंवा होता तो वडिलांबरोबर कामावर जात होता. मुलं अंतर राखून भिंतीसमोर उभी राहायची, वहीत उतरवून घ्यायची.

मला या दोन्ही शिक्षकांचं काम एकाच जातीचं वाटतं. दोघांनीही आधी मुलाकडे बघितलं आणि मग साधन निवडलं. एकाने क्यूआर कोड घेतला, दुसऱ्यांनी रंग आणि ब्रश. धोरण ठरवणारे बहुतेक वेळा उलटं करतात. साधन आधी ठरतं, मग मुलाला म्हणतात, तू जुळवून घे.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. गुणवत्ता यादी उघड्यावर आली, वशिला कमी झाला, हे चांगलंच. पण दहा पसंतीक्रम कसे भरायचे, पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही तर काय होतं, हे समजावून सांगणारं घरात कोणी नसेल तर ९० टक्के मिळवलेल्या मुलीचा अर्जही चुकतो. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, पहिलीपासून पदवीपर्यंत, वर्षाला हजार रुपयांपासून पंचवीस हजारांपर्यंत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, शाळेने ऑनलाइन तपासून पुढे पाठवायला हवं. यातली एक कडी निसटली की वर्ष गेलं. आईने विड्या वळून मिळवलेला तो हक्क आहे, तो मुलाच्या हातात न पडता पोर्टलवर अडकून राहतो.

शेतात रेंज शोधताना

शहर सोडून सांगोला, करमाळा, मंगळवेढ्याकडे गेलं की पहिली पातळी पुन्हा डोकं वर काढते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः अॅपमध्ये आपल्या गटातलं पीक नोंदवायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा. तलाठ्याने चावडीत बसून नोंदी करण्यापेक्षा ही पद्धत तत्त्वाने कितीतरी चांगली, कारण सातबाऱ्यावर आपलं पीक आपणच लिहायचं. प्रत्यक्षात माणूस बांधावर उभा राहून हात वर करून रेंज शोधतो. साठीतला शेतकरी पुण्याला गेलेल्या मुलाला फोन करून विचारतो, आता काय दाबू? नोंद राहिली तर पीक कर्ज, नुकसानभरपाई, हमीभाव या सगळ्यांत ती अडचण पुढे येते. ठिबक, शेततळं, ट्रॅक्टर यांचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. ज्याचा मुलगा गावात आहे आणि शिकलेला आहे त्याचा अर्ज पहिल्या दिवशी जातो. ज्याला कळलंच उशिरा त्याचा राहतो. पूर्वी जमीन, पाणी आणि पाहुणे यांवर शेतकऱ्याची ताकद ठरायची, त्यात आता आणखी एका गोष्टीची भर पडली आहे.

व्यापाराचंही तेच. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण 'सोलापुरी' नावाने दुसरीकडचा माल विकला जातो ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार. मोठे कारखानदार टॉवेल परदेशी पाठवतात, त्यांची वेबसाइट आहे, माणसं आहेत. चार माग टाकून मजुरीवर कापड विणणाऱ्याला ऑनलाइन विकायचं तर फोटो, पॅकिंग, जीएसटी, परत आलेल्या मालाचा हिशेब हे सगळं एकट्याने करावं लागतं. तो व्यापाऱ्यालाच माल देतो, व्यापारी ठरवेल त्या भावात.

यूपीआय मात्र चाललं, का?

हा प्रश्न मी फार महत्त्वाचा मानते. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात हजार कोटींहून अधिक व्यवहारांचा टप्पा ओलांडला. मंगळवार बाजारात कोथिंबीर विकणाऱ्या मावशींच्या टोपलीला क्यूआर कोड अडकवलेला असतो. त्यांना वाचता येत नाही, तरी त्यांचं अडत नाही. ज्या मावशींना ई-केवायसी जमत नाही त्यांना हे कसं जमलं?

टोपलीशेजारचा छोटा डबा बघा. 'तीस रुपये प्राप्त झाले' असं तो मोठ्याने बोलतो, मराठीत. मावशींना काही वाचायचं नाही, दाबायचं नाही, ओटीपी सांगायचा नाही. गिऱ्हाईक खोटं बोलत असेल तर डबा गप्प राहतो. चूक झाली तर त्या क्षणी कळते. आणि मुख्य म्हणजे रोख रक्कम बंद झाली नाही. ज्याला डब्याची भीती वाटते तो नोटा घेतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी शेजारणीचा डबा बघून स्वतःहून मागवतो. साध्या बटणाच्या फोनवरून यूपीआय करता यावं म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आणलं, तेही याच विचारातून. त्याचा प्रसार मात्र डब्याइतका झालेला दिसत नाही.

म्हणजे निरक्षर माणूस नवं तंत्र शिकत नाही हे खरं नाही. ते त्याच्या कानाला, हाताला, त्याच्या भाषेला धरून बनवलं आणि जुना दरवाजा उघडा ठेवला तर तो आपल्या गतीने येतो. सरकारी सेवांमध्ये आपण नेमकं उलटं केलं. आधी खिडकी बंद केली, मग पोर्टल काढलं. पूर्वी तहसीलमध्ये कागद घेऊन जाता यायचं. वेळ लागायचा, चिरीमिरीही द्यावी लागायची, पण माणूस समोर असायचा. आता कागद स्वीकारतच नाहीत. ज्याला ऑनलाइन जमतं त्याचं आयुष्य सोपं झालं. ज्याला जमत नाही त्याच्याकडे पूर्वी होता तो रस्ताही राहिला नाही. डिजिटल दरी रुंदावण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसतं. जानेवारी २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव आलं होतं. शहर स्मार्ट व्हायचं तर ही खिडकी उघडी असणं हा त्याचाच भाग धरायला हवा होता.

काळ जाईल तशी दरी आपोआप बुजेल असं बरेच जण म्हणतात. तसं होत नाही, कारण पुढे असलेला आणखी वेगाने पुढे जातो. ज्याचे व्यवहार फोनवर आहेत त्याला बँक त्यावरून कर्ज देते, त्या कर्जातून तो दुकान वाढवतो, वाढलेल्या दुकानाचे व्यवहार पुन्हा फोनवर. जो बाहेर आहे त्याची नोंदच नाही. शिवाय स्वस्त डेटा कायम स्वस्त राहतो असंही नाही. जुलै २०२४ मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा तीन फोन असलेल्या घरांनी आधी कोणाचं रिचार्ज थांबवलं ते विचारून बघा. बहुतेक घरांत आजीचं किंवा आईचं.

काय केलं तर फरक पडतो

केंद्राने २०१७ मध्ये ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केलं, मार्च २०२४ पर्यंत ६ कोटी ३९ लाख लोकांना प्रशिक्षण दिल्याची नोंद आहे. आकडा मोठा आहे. पण नियम होता घरटी एक माणूस आणि अभ्यासक्रम वीस तासांचा. घरटी एक म्हटल्यावर घरातून कोण जाणार, हे ओळखायला पाहणीची गरज नाही. आणि जो शिकला तो घरच्यांना शिकवेल हा अंदाज फार भाबडा होता. तो शिकवत नाही, करून देतो.

केरळने दुसरा रस्ता धरला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातलं पुल्लंपारा हे गाव २०२२ मध्ये पूर्ण डिजिटल साक्षर ठरलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याने स्वतःला तसं जाहीर केलं. घरोघरी जाऊन कोणाला येत नाही ते आधी शोधलं, मग त्या माणसाच्या दारात, रोजगार हमीच्या कामावर, अंगणात बसून स्वयंसेवकांनी शिकवलं. म्हातारी माणसंही धरली. आपल्याकडे बचत गटांचं जाळं आहे, अंगणवाडी सेविका आहेत, विडी कामगारांची जुनी युनियन आहे. माणसं कमी नाहीत.

कायद्याची बाजूही आता भक्कम झाली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅसिड हल्ल्यातल्या पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या केवायसीच्या प्रकरणात निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. डोळे मिटता येत नाहीत म्हणून बँक खातं उघडत नव्हतं, असं ते दुखणं होतं. झिजलेल्या बोटांच्या बाईचं दुखणं त्याहून वेगळं नाही. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं, आणि अर्ज दिल्याची पोच मागता येते. पोच मागा. ती हातात असेल तर 'उद्या या' म्हणणाऱ्याला तारीख दाखवता येते.

सोलापूरपुरतं बोलायचं तर सुरुवात विडी कारखान्यांपासून करता येईल. बायका तिथे रोज जातात, विड्या मोजून देईपर्यंत तासभर थांबतात. त्या तासात तिथेच एक टेबल टाकावं. एक कॉम्प्युटर, बुबुळ वाचणारं एक यंत्र, तेलुगू आणि मराठी दोन्ही येणारी एक शिकलेली मुलगी, तीही शक्यतो विडी कामगाराचीच. पहिल्या महिन्यात फक्त एवढंच करायचं : प्रत्येकीच्या आधारला कुठला नंबर जोडलाय ते तपासायचं आणि तो तिच्या स्वतःच्या, चालू असलेल्या नंबराने बदलण्यासाठी आधार केंद्राचं फिरतं पथक तिथे बोलवायचं. दुसऱ्या महिन्यात रजिस्टर, आधार आणि पासबुकातली नावं जुळवायची. शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू होतील तेव्हा मुलांना तिथेच बोलवायचं. बटण बाईने स्वतः दाबायचं, मुलीने शेजारी उभं राहून सांगायचं. वेळ लागेल. पहिल्या वेळी पंधरा मिनिटं, तिसऱ्या वेळी पाच. खर्च कामगार कल्याणाच्या पैशातून निघू शकतो, तो पैसा त्यांच्याच नावाचा आहे.